संकेतस्थळावरील छायाचित्रे आणि पडछायेचे विधान

विद्यापीठांतील विभाग आपापल्या संग्रहांतील हस्तलिखिते, ताम्रपट आणि शिलालेख यांची छायाचित्रे आता संकेतस्थळांवर ठेवू लागले आहेत. अशा छायाचित्राच्या उजव्या व खालच्या कडेस सौम्य पडछाया घालण्याची रीतही बरीच रूढ झाली आहे. पडछायेमुळे चित्र पानापासून किंचित वर उचलल्यासारखे दिसते आणि पान उठावदार होते. ही केवळ सजावट आहे, तिचा आशयाशी संबंध नाही, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याहून वेगळे आहे. पडछाया हे एक विधान आहे. आणि संशोधनाच्या पानावर केलेले विधान, मग ते शब्दांनी केलेले असो वा सावलीने, खरेच असले पाहिजे.

१. परिभाषा

प्रथम दोन प्रकारांतील भेद ध्यानात घ्यावा. प्रकाशाकडे पाठ असलेला वस्तूचा स्वतःचा भाग काळवंडतो. त्याला येथे ‘अंगछाया’ म्हणू. तीच वस्तू प्रकाश अडविते आणि दुसऱ्या पृष्ठावर जी आकृती उमटते, ती ‘पडछाया’ होय. कोरलेल्या अक्षराच्या खाचेतील काळोखात हे दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. छायाचित्राच्या चौकटीभोवती संगणकाने घातलेली छाया मात्र निव्वळ पडछाया असते.

चार्ल्स सँडर्स पर्स याच्या चिन्हविचारात चिन्हांचे तीन वर्ग येतात : साम्यावर आधारलेले, कार्यकारणाने बांधलेले आणि संकेताने ठरलेले. धूर हे अग्नीचे जसे दुसऱ्या वर्गातील चिन्ह, तशीच सावली हे वस्तूचे. सावली आहे, त्या अर्थी वस्तू आहे, प्रकाश आहे आणि सावली झेलणारे पृष्ठही आहे. संगणकाने घातलेल्या पडछायेमागे मात्र असे कारण नसते. ती वास्तविक संकेताने ठरलेली, पण वेष घेते कार्यकारणाच्या चिन्हाचा. वाचकाचा डोळा तिला नेहमीच्या सावलीप्रमाणेच वाचतो. सर्व अडचणींचे मूळ येथे आहे.

२. पडछाया काय सांगते?

पडछाया तीन गोष्टी सांगते. पहिली, प्रकाश कोठून येत आहे. दुसरी, वस्तू पृष्ठापासून किती उंच आहे. तिसरी, वस्तू कोठे संपते.

प्रकाश वरून येतो, हे आपल्या दृष्टीचे जणू गृहीतकृत्यच आहे. प्रकाशाच्या दिशेविषयीचा समज बदलला की खोदीव आकृती उठावदार दिसू लागते, या भ्रमाचे विवेचन डेव्हिड ब्रूस्टर याने १८२६ मध्येच केले होते. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, की केवळ छटांचा उतार असलेली वर्तुळे, वरची बाजू उजळ असेल तर फुगीर आणि खालची उजळ असेल तर खोलगट भासतात. पुढे १९९८ मध्ये जेनिफर सन व पिएत्रो पेरोना यांच्या प्रयोगांत असे आढळले, की हे गृहीत थेट माथ्यावरच्या प्रकाशाचे नसून डावीकडे झुकलेल्या वरच्या प्रकाशाचे आहे. नकाशांतील डोंगरउतारांची छटा वायव्येकडून, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यातून, प्रकाश कल्पून काढण्याचा प्रघात आहे. संकेतस्थळावरील पडछायाही बहुधा उजवीकडे व खाली पडते, ती याच गृहीताला धरून.

उंचीची गोष्ट कर्स्टन, मामासियन व निल यांच्या १९९७ मधील प्रयोगाने चांगली स्पष्ट होते. एका पेटीत चेंडू ठरावीक तिरप्या रेषेने सरकताना दाखविला आणि फक्त त्याच्या पडछायेचा मार्ग बदलला. पडछाया चेंडूला चिकटून गेली तेव्हा चेंडू जमिनीवरून सरकताना दिसला. ती दूर होत गेली तेव्हा तोच चेंडू हवेत चढताना दिसला. चेंडूचा मार्ग दोन्ही वेळा एकच होता.

उंचीची दुसरी खूण म्हणजे कडेची धूसरता. प्रच्छाया आणि उपच्छाया हे भेद आपण ग्रहणाच्या पाठात शिकलेलो असतो. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे सूर्य माथ्यावर असता एक मीटर उंचीवर आडव्या धरलेल्या फळीच्या पडछायेची कड सुमारे ९ मिलिमीटर धूसर होते. तीच फळी एक सेंटीमीटरवर आणली, तर धूसरता मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही राहत नाही. म्हणजे पडछाया जितकी दूर तितकी मऊ, जितकी जवळ तितकी रेखीव. दूर सरकलेली परंतु धारदार कडेची पडछाया डोळ्यास खोटी वाटते, ती हा नियम मोडल्यामुळे.

३. संगणकीय रीत

पडछाया तयार करण्याची क्रिया मुळात साधी आहे. वस्तूच्या बाह्याकृतीची एक नक्कल घ्यावयाची, ती एका रंगाने भरावयाची, ठरावीक अंतर सरकवावयाची, धूसर करावयाची आणि मूळ चित्राखाली ठेवावयाची. ही क्रिया दोन ठिकाणी करता येते. फोटोशॉपसारख्या साधनाने ती चित्राच्या धारिकेतच करता येते, किंवा पानाच्या रूपाचे नियम सांगणाऱ्या सीएसएसकडे ती सोपविता येते.

सीएसएसमधील ‘बॉक्स-शॅडो’ या गुणधर्माला आडवे अंतर, उभे अंतर, धूसरता, विस्तार आणि रंग अशी मूल्ये द्यावयाची असतात. उदाहरणार्थ, आडवे अंतर २ पिक्सेल, उभे ४ पिक्सेल, धूसरता १२ पिक्सेल आणि काळा रंग २५ टक्के गडद. धूसरतेचे मूल्य म्हणजे गाउसच्या वक्रानुसार होणारे विरळीकरण असून त्याचे प्रमाणविचलन दिलेल्या अंकाच्या निम्मे असावे, असे प्रमाणपत्रक सांगते. ही छाया पानावरील मजकुराची जागा खात नाही. मांडणी आहे तशीच राहते.

बॉक्स-शॅडो चौकटीची छाया पाडते. चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक करून केवळ वस्तूची आकृती ठेवली असेल, तर त्या आकृतीबरहुकूम छाया पाडण्यासाठी ‘ड्रॉप-शॅडो’ हा निराळा गाळणीगुण वापरावा लागतो. त्यासाठी चित्राची धारिका पारदर्शकता नोंदविणाऱ्या प्रकारची, जसे पीएनजी, असली पाहिजे. जेपेग धारिकेत पारदर्शकतेची नोंद होत नाही. म्हणून जेपेगमध्ये घातलेली पडछाया आपल्याबरोबर पार्श्वभूमीचा रंगही कायमचा बांधून घेते. पान गडद रंगात पाहिले की चित्राभोवती पांढरा पट्टा उमटतो.

४. विधान खोटे केव्हा ठरते?

पडछाया चौकटीची असेल, तर वाचक समजतो की हा एक फोटो आहे व तो पानावर ठेवलेला आहे. या विधानाने कोणाचे नुकसान होत नाही. पोथीच्या पानाचा फोटो कडेकडेने कापला, पार्श्वभूमी काढून टाकली आणि त्या कापलेल्या कडेला पडछाया दिली, की मात्र विधान बदलते. आता पडछाया सांगते, ‘पोथीचे पान येथे संपते.’ वास्तविक संपला आहे तो फोटो. समासातील टीप, शोधलेले अक्षर, पत्रांक किंवा फाटलेली कड त्या कापाबरोबर गेली असेल, तर वाचकाला ती शोधण्याचे कारणही उरत नाही. साध्या कापलेल्या फोटोत निदान कापल्याची शंका येते. पडछाया ती शंकाच पुसून टाकते.

शिलालेखांच्या बाबतीत धोका याहून खोल आहे. ओला कागद दगडावर ठोकून बसवून आणि वरून शाई देऊन घेतलेल्या ठशात अक्षर पांढरे व भूमी काळी येते. तेथे सावलीचा प्रश्न नसतो. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथाच्या काळी वाचनाची भिस्त मोठ्या प्रमाणावर अशा ठशांवर होती. छायाचित्रात मात्र अक्षर वाचता येते ते खाचेतील सावलीमुळेच. येथील छाया हा पुरावा आहे.

एखादा दगड उलटा पडलेला आहे अशी कल्पना करा. उन्हात त्याचा फोटो घेतला आणि अक्षरे सुलट दिसावीत म्हणून संगणकावर फिरविला. आता चित्रातील प्रकाश खालून येतो, पण डोळा तो वरून येतो असेच धरून चालतो. परिणामी कोरलेली अक्षरे उठावाची दिसू लागतात. त्यातच चौकटीला उजवीकडे-खाली पडछाया दिली, तर ‘प्रकाश वरून आहे’ या चुकीच्या समजाला दुजोराच मिळतो.

याहून घातक प्रकार म्हणजे अक्षरांनाच कृत्रिम उठाव देणारी गाळणी. ही गाळणी दगडाची खोली जाणत नाही. शेजारच्या ठिपक्यांतील उजेडाचा फरक तेवढा जाणते. त्यामुळे दगडफुलाचा काळा डाग आणि छिन्नीने पाडलेला टिंब तिच्या लेखी सारखेच. दोहोंना ती सारखीच छाया देते. प्राचीन मराठीत तृतीया एकवचनाचा ‘-एं’ हा प्रत्यय अनुस्वारावर अवलंबून असतो. श्रवणबेळगोळच्या लेखातील ‘चावुण्डराजें’ हे रूप कर्त्याची तृतीया दाखविते, ते त्या टिंबामुळेच. डाग अनुस्वार ठरला किंवा अनुस्वार डाग ठरला, तर विभक्ती बदलते, आणि विभक्तीबरोबर कोणी काय केले हा अर्थही.

संस्कृत नाटकांच्या छापील प्रतींत प्राकृत उक्तींखाली त्यांचे संस्कृत रूपांतर देतात आणि त्यालाही ‘छाया’ असेच म्हणतात. ही छाया वाचकाच्या सोयीसाठी असते. परंतु तीच वाचून मूळ प्राकृत ओलांडून जाण्याची सवय विद्यार्थ्यांना लागते, हे प्राकृताच्या प्रत्येक अध्यापकास ठाऊक आहे. छाया मूळाखाली वेगळ्या ओळीत छापलेली असल्यामुळे मूळाकडे परतता तरी येते. ती मूळातच मिसळली असती, तर नाटकांतील प्राकृताचा अभ्यास अशक्य झाला असता. चित्रांच्या छायेलाही हाच न्याय लागू आहे.

५. व्यवहारातील नियम

वरील विवेचनावरून पुढील नियम निघतात. मूळ धारिकेत कोणतीही छाया घालू नये. पडछाया हवी असल्यास ती सीएसएसने, चौकटीलाच द्यावी. अशी छाया एका ओळीने काढून टाकता येते आणि मूळ चित्र जसेच्या तसे राहते. याचा आणखी एक लाभ आहे. ‘ट्रिपल आय एफ’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीत चित्राचा एखादा भाग डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजलेल्या अंकांनी उद्‌धृत करता येतो. धारिकेत छायेसाठी डावीकडे व वर २० पिक्सेल जागा वाढविली, तर अगोदरची अशी सर्व अवतरणे २० पिक्सेलांनी ढळतात.

पानावरील सर्व पडछायांची दिशा एकच ठेवावी. गडद पार्श्वभूमीवर काळी छाया दिसत नाही. तेथे बारीक रेघेची चौकट पुरेशी आहे. वस्तूची आकृती कापून छाया द्यावयाचीच असेल, तर तिची चारही कडांसह मोजपट्टी ठेवून घेतलेली न कापलेली प्रतिमा शेजारी उपलब्ध करावी.

शिलालेखाच्या छायाचित्राखाली प्रकाशाची दिशा नोंदवावी, चित्र फिरविले असल्यास तेही लिहावे. शक्य तेथे डावीकडून, उजवीकडून आणि वरून तिरपा प्रकाश टाकून निरनिराळी छायाचित्रे घ्यावीत. टॉम मॅल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हेवलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतून मांडलेल्या पद्धतीत कॅमेरा स्थिर ठेवून अनेक दिशांनी प्रकाश टाकतात आणि त्या चित्रांवरून वाचकाला संगणकावर प्रकाशाची दिशा हवी तशी फिरविता येते. दिशा फिरविली की खाचेची सावली सरकते. डाग जागचा हलत नाही. अनुस्वार कोणता आणि दगडफूल कोणते, हे ठरविण्यास मिळणारा हा आधार कोणत्याही सजावटीपेक्षा मोलाचा आहे.