पावसानं घडवलेलं वाळवंट

तंबूची खुंटी कातळात ठोकून पाहिलीय कधी? मार्चअखेरीस मसाई पठारावर मुक्कामाला जा आणि ठोकून बघा. दोन बोटं माती, मग ‘ठण्ण’! खुंटी वाकते, अंगठा थोडक्यात वाचतो. शेवटी तंबूच्या दोऱ्या दगडांनाच बांधायच्या.

कोल्हापूरपासून पन्हाळा वीसेक किलोमीटर. त्याच्या पुढंच हे पठार. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज भर पावसात, रातोरात इथूनच विशाळगडाकडे निघाले. त्याच वाटेवर आता काय दिसतं? तापलेला तांबडा सडा म्हणजे उघडा कातळ, वाळलेलं गवत आणि कुठंच सावली नाही. सह्याद्रीच्या एवढ्या पावसात हे वाळवंट आलं कुठून?

गंमत अशी, की ते पावसानंच घडवलं.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला आणि त्याचा काळा बसाल्ट झाला. त्यावर लाखो वर्षं उबदार पाऊस पडत राहिला. चहा गाळताना काय होतं? विरघळणारं सगळं खाली जातं, गाळणीत चोथा उरतो. इथंही तसंच झालं. सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर वाहून गेलं. मागं उरलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजलं, म्हणून दगड तांबडा. हाच आपला जांभा. म्हणजे दिवसभर आपण एका डोंगराच्या चोथ्यावरून चालत असतो! ज्या पातेल्यात चहा उकळतोय, त्याचं ॲल्युमिनियमही अशाच चोथ्यातून येतं. कोल्हापूर जिल्ह्यात दुर्गमानवाडीला बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज सापडतं ते यामुळंच.

केरळात लोक हा दगड विटांसारखा कापून घरं बांधताना पाहून सर्वेक्षक फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. कोकणी माणूस त्याला सरळ चिरा म्हणतो.

आता पठाराच्या कडेला जाऊन बसा. भाकरी आणि खर्डा सोडा आणि खाली बघा. या दऱ्या कधीकाळी नव्हत्याच. जांभ्याचं टणक कवच डोक्यावर होतं तिथली जमीन टिकली, आजूबाजूची पाण्यानं कोरून नेली. म्हणून पठार असं टेबलासारखं सपाट. तुम्ही बसलाय ती फार जुनी जमीन आहे, उंचावर शिल्लक राहिलेली.

पायाशी करड्या गवताचा झुपका दिसतोय? मेलेला वाटतो ना? सड्यांवर ट्रायपोगॉन नावाचं गवत असतं. त्याची पानं कोरडीठाक होतात, तरी जीव जात नाही. पाऊस पडला की तीच वाळकी पानं पुन्हा हिरवी होतात. नवी फुटलेली नव्हे, तीच! आपल्या कुंडीतली तुळस आठवडाभर पाणी चुकलं तर माना टाकते. हे गवत उन्हाळाभर दम धरतं.

सूर्य मावळला की आणखी एक बदल जाणवतो. दुपारी चटका देणारा कातळ उघड्या आभाळाखाली झपाट्यानं उष्णता सोडतो. संध्याकाळी पाठीला ऊब देणारा दगड पहाटे गार लागतो, आणि नको म्हणत आणलेली चादर कामी येते.

सकाळी बाटल्या रिकाम्या. वर तर टिपूस नाही. मग कडेच्या घळीकडे नजर टाका आणि भर उन्हाळ्यात जिथं झाडी हिरवीगार दिसेल तिथं उतरा. जांभा जाळीदार असतो. पावसाचं पाणी त्याच्या छिद्रांतून झिरपत झिरपत खालच्या चिकण मातीच्या थरापर्यंत जातं. तो थर पाण्याला आणखी खाली जाऊ देत नाही. मग ते आडवी वाट धरतं आणि कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं.

धारेखाली ओंजळ धरा. हे पाणी गेल्या पावसाळ्यात वर पठारावर पडलं असेल, कदाचित तुमच्या तंबूच्याच जागी. रात्री ज्या दगडानं खुंटी आत घेतली नाही, त्यानं पाऊस मात्र आत घेतला होता.