प्रॅक्टिस ते चेकर्ड फ्लॅग : सगळ्यांच्या गाड्या सारख्या, मग जिंकतं कोण?

सदाशिव पेठेत स्कूटर लावायला जागा मिळत नाही आणि आज आपण बोलणार आहोत कार रेसिंगवर. हसू नका, या गोष्टीची सुरुवात पुण्यातूनच होते.

आधी स्टॉक कार म्हणजे काय, ते बघू. स्टॉक म्हणजे शोरूममधून आलेली साधी गाडी. अमेरिकेत १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था सुरू झाली, तेव्हा खरंच तशा गाड्या धावायच्या. आता फक्त दिसायला तशा, आतून पूर्ण रेसिंगच्या. आपला नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक सिरीजमध्ये धावलाय.

आपल्याकडचा जवळचा प्रकार म्हणजे फोक्सवॅगनचा अमिओ कप होता, २०१७ मध्ये सुरू झालेला. अमिओ ही चाकणला बनलेली गाडी. शोरूमच्या पेट्रोल अमिओत सुरुवातीला १.२ लिटरचं इंजिन होतं, तर रेसच्या अमिओत १.८ लिटरचं, २०५ हॉर्सपॉवरचं. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते याच कपमध्ये धावला. सगळ्यांना गाडी सारखीच, म्हणजे 'माझी गाडी स्लो होती' हे कारण बाद!

आता वीकेंड कसा जातो? समजा, आपण कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर आहोत. साधारण २.१ किलोमीटरचा ट्रॅक.

पहिल्यांदा गाडीची आणि हेल्मेट-सूटची तपासणी. मग प्रॅक्टिस. इथे नंबर काढायचा नसतो. ब्रेक कुठे दाबायचा, वळणातून लवकर ॲक्सिलरेटर कुठे देता येतो, हे शोधायचं असतं. इथे गाडी ठोकली, तर पुढचा सगळा वीकेंड अवघड.

मग क्वालिफाइंग. सर्वात वेगवान लॅप ज्याची, तो पुढे उभा राहणार. थंड टायर रस्ता नीट पकडत नाहीत, म्हणून आधी ते गरम करायचे आणि मग एक स्वच्छ लॅप मारायची. ताशी १४४ किलोमीटर वेगात सेकंदाचा दहावा भाग म्हणजे ४ मीटर. अमिओची लांबीही जवळपास तेवढीच. म्हणजे एवढीशी चूक झाली, की एक अख्खी गाडी मागे!

रेसमध्ये पुढच्याच्या मागे चिकटून हवेचा अडथळा टाळायचा आणि ब्रेकिंगला आत घुसायचं. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की रेस थांबली. काळा झेंडा तुमच्या नंबरासोबत दाखवला, तर गपचूप पिटमध्ये यायचं.

आणि चेकर्ड फ्लॅग पडला म्हणजे संपलं, असं नाही हं. नंतर गाडीचं वजन होतं, तपासणी होते. नियमात बसली नाही, तर पोडियमवर उभा राहिलेलाही बाद होतो.

म्हणून मंडळी, रेसर म्हणजे बेफाम चालवणारा नाही, तर तीच लॅप पुन्हा पुन्हा तश्शीच मारणारा. त्याच्याकडे रोल केज असतो, झेंडेवाले असतात, ॲम्ब्युलन्स उभी असते. टिळक रोडवर आपल्याकडे यातलं काहीच नसतं. तेव्हा तिथे जरा दमानं!

भेटू पुढच्या भागात.