दवाखान्यातील मत्स्यालय : पहिली टाकी, पहिले मासे

दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात माशांची एखादी काचेची टाकी असावी, ही इच्छा अनेक वैद्यांच्या मनात असते. ताटकळलेल्या रुग्णाचे, विशेषतः बालरुग्णाचे, मन तेथे रमते. मीही काही वर्षांपूर्वी याच हेतूने टाकी आणली. एका शनिवारी सायंकाळी टाकी, खडी, पंप आणि बारा मासे अशी सगळी खरेदी एकाच दुकानातून, एकाच फेरीत उरकली. दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार टायगर बार्ब, दोन 'शार्क', एक फायटर आणि 'काच साफ करतो' म्हणून दिलेला एक सकर. रविवारी टाकी देखणी दिसत होती. बुधवारी पाणी दुधट झाले. गुरुवारी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करू लागले. वैद्याच्या सवयीप्रमाणे मी चिमूटभर हळद घातली आणि सर्व पाणी काढून नळाचे ताजे पाणी भरले. पुढच्या रविवारी टाकीत तीन मासे उरले होते. पोटाच्या तक्रारीसाठी येणाऱ्या सहा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "डॉक्टर, तुम्ही त्यांना औषध नाही दिलं का?" त्याला काय सांगावे, ते मला सुचले नाही.

मासे रोगाने मेले नव्हते. ते स्वतःच्याच उत्सर्गाने मेले होते आणि उरलेले काम माझ्या उपचाराने केले होते. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की नव्या टाकीतील बहुतेक मृत्यूंचे मूळ तीच असते. म्हणून तिचे कारण थोडे विस्ताराने पाहू.

मासा आपला नत्रयुक्त मल मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. न खाल्लेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो, वनस्पती तो शोषून घेतात आणि काही जिवाणू त्याचे रूपांतर करतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनशी प्रतिक्रिया करून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट करते. रक्त तपकिरी पडते आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य असून आठवड्याच्या पाणीबदलाने काढून टाकता येते. नव्या टाकीत हे दोन्ही जिवाणू जवळजवळ नसतातच. खडीवर आणि गाळणीच्या स्पंजावर त्यांची पुरेशी वसाहत होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. या अवधीत टाकी कितीही स्वच्छ दिसली, तरी ती बारा माशांच्या निवासास अयोग्य असते.

येथे औषधनिर्मात्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. अरिष्टाचे संधान लावल्यावर धायटीची फुले घालून पिंप झाकून ठेवतात. तिसऱ्या दिवशी झाकण उघडून कोणी बाटल्या भरीत नाही. कान लावून बुडबुड्यांचा आवाज ऐकतात, पेटती काडी धरून पाहतात, आणि संधान पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावरच पुढचे पाऊल टाकतात. टाकीसाठीही तशी परीक्षा आहे. अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजण्याचे थेंबांचे संच मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. मासे न घालता टाकी चालू करावी, रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकून ते कुजू द्यावे आणि दर दोन-तीन दिवसांनी मोजणी करावी. प्रथम अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढते. शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. त्या दिवशी टाकी तयार झाली असे समजावे. कोणा स्नेह्याची निरोगी, जुनी टाकी असल्यास तिच्या गाळणीतील स्पंजाचा ओला तुकडा आणून आपल्या गाळणीत ठेवावा. दुधाला विरजण लावावे तसे ते आहे. कालावधी बराच कमी होतो.

या विषयाचा इतिहासही औषधशाळेशी जोडलेला आहे. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनज्ञ असलेल्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपल्या मत्स्यालयाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सुमारे बारा गॅलन क्षमतेच्या काचपात्रात त्यांनी वाळू, चिखल व दगड घालून व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि मासे सोडले. जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागल्यावर ती खाण्यासाठी तळ्यातील गोगलगायी आणल्या. बारा गॅलन म्हणजे सुमारे ५५ लिटर, अर्थात आपल्याकडील दोन फुटी टाकीइतकेच माप. त्यात वॉरिंग्टन यांनी मासे किती ठेवले होते? दोन, तेही लहान गोल्डफिश. त्यांनी सारे श्रेय प्राणवायूला दिले, कारण अमोनिया पचविणारे जिवाणू वेगळे काढून दाखविण्याचे कार्य विनोग्राड्स्की यांच्या हातून पुढे १८९० च्या सुमारास झाले.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच, याहून लहान घेऊ नये. नवशिक्याला लहान टाकी सोपी वाटते, वस्तुतः ती अधिक अवघड; थोड्या पाण्यात विष लवकर साठते व तापमान चटकन बदलते. भरलेल्या अशा टाकीचे वजन सत्तर किलोंच्या पुढे जाते, तेव्हा औषधांच्या कपाटावर ती ठेवण्याचा मोह आवरावा. थेट ऊन येणारी जागाही टाळावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जिवाणू दोहोंना मारक आहे. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे किंवा क्लोरीन घालविणारे थेंब वापरावेत. मात्र हे पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नये. आपल्यासाठी आपण ते गुणकारी मानतो; गोगलगायींना व माशांना पाण्यात उतरलेले तांबे अल्प मात्रेतही विषारी ठरते.

वनस्पतींपैकी आरंभी सेराटोफायलम पुरेसे आहे. अनेक द्रव्यगुणवेत्ते शैवाल म्हणून तिलाच ओळखतात. मुळे रोवण्याची गरज नाही, पाण्यात सोडली तरी वाढते आणि अमोनिया सरळ शोषून घेते.

आता मासे. शोधनानंतर आपण रुग्णाला लगेच पुरणपोळी वाढीत नाही. पेया, विलेपी, अकृत यूष, कृत यूष असा संसर्जनक्रम पाळतो, कारण अग्नी अजून क्षीण असतो व भार त्याला पेलेल तसाच वाढवायचा असतो. टाकीतील जिवाणूंची संख्याही मिळणाऱ्या अन्नाच्या प्रमाणातच वाढते. भार एकदम दुप्पट केला तर ती वाढेपर्यंत अमोनिया साठतो. (उपमा येथेच थांबवतो, टाकीला दोष, धातू, मल लावून दाखविणारे लेखन मी वाचले आहे आणि ते मला पटलेले नाही.)

पहिला मान मी झेब्रा माशाला देतो. सहा मासे एकदम घ्यावेत, कारण तो थव्याने राहणारा आहे. एकटा-दुकटा ठेवल्यास बावरतो व इतरांना छळतो. हा काटक मासा आपल्याच देशाचा. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या सेवेतील वैद्यकाने १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गंगेतील माशांवरच्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत औषधांची विषाक्तता तपासण्यासाठी तोच वापरला जातो. दोन आठवडे केवळ या सहांवर टाकी चालवावी. मोजणीत अमोनिया व नायट्राइट शून्य राहिले तर चार प्लॅटी आणावेत. ते सर्व नर असावेत. अन्यथा दोन महिन्यांत पिलांनी टाकी भरते. पठारावरील विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड असते. प्लॅटी, मोली, गप्पी यांना ते मानवते. निऑन टेट्रासारखे मऊ पाण्याचे मासे तेथे कष्टाने तगतात. आणखी तीन आठवड्यांनी एक लहान जातीचा गुरामी. एकूण अकरा. माझ्या पहिल्या खरेदीपेक्षा एकच कमी, परंतु प्रौढावस्थेतही ते सर्व बोटभरच राहतात.

दुकानात दिसणारा मासा हे बहुधा पिलू असते, ही गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो. 'शार्क' नावाने विकला जाणारा पंगॅसियस जातीचा मासा पूर्ण वाढल्यावर मीटरभर लांब होतो. सकर फूटभराच्या पुढे जातो. गोल्डफिश मोठा होतो, पुष्कळ मलोत्सर्ग करतो व त्याला थंड पाणी हवे असते. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. माझ्या बारापैकी कोणते दोन एकत्र नांदले असते, हे मी नंतर मोजून पाहिले. सह्याद्रीतील लाल पट्ट्याचा 'मिस केरळ' हा मासा पाहून मन मोहते. ज्या प्रजातीत तो येतो तिला २०१३ मध्ये 'सह्याद्रिया' असे नावच मिळाले. परंतु तो संकटग्रस्त आहे, थव्याने राहतो आणि दोन फुटी टाकीत मावत नाही.

वैद्याच्या दवाखान्यात काही धोके विशेष असतात, आणि मत्स्यपालनाच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख नसतो. अभ्यंगाचे तेल लागलेला हात टाकीत बुडविल्यास पाण्यावर तवंग धरतो आणि वायूंची देवाणघेवाण मंदावते. हवेचा पंप खोलीतील हवा पाण्यात ढकलतो. त्यामुळे धूपन चालू असताना तो दुसऱ्या खोलीत असावा. डास मारण्याच्या फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइडे माशांना अत्यंत घातक आहेत. ज्या पायरेथ्रिनांवरून ती बनविली गेली ती शेवंतीच्या कुळातील फुलांची आहेत, आणि तीही तितकीच घातक. वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी, असा युक्तिवाद आपण रुग्णांसमोर करीत नाही. माशांसमोरही करू नये.

रिठा, शिकेकाई यांनी धुतलेली भांडी व स्पंज टाकीजवळही आणू नयेत. त्यांतील सॅपोनिने कल्ल्यांचे आवरण बिघडवतात. वमनातील आपले श्रेष्ठ द्रव्य जे मदनफळ, तेच गेळफळ ठेचून ओढ्याच्या डोहात टाकून मासे गुंगविण्याची रीत आपल्या रानांत पूर्वापार आहे. तेव्हा टाकीवर स्वतःच्या औषधालयातील प्रयोग करण्यापूर्वी वैद्याने हे आठवावे. माझी हळद त्यातलीच होती. अपवाद एका पानाचा सांगता येईल. हरीतकी, बिभीतक व अर्जुन यांच्याच गणातील देशी बदामाचे वाळलेले पान फायटर पाळणारे लोक पाण्यात ठेवतात. त्यातील टॅनिनामुळे पाणी चहासारखे तांबूस व किंचित आम्ल होते, मासा त्यात शांत राहतो.

पाणी बदलण्याबाबत वैद्यांची गफलत होते, त्याला कारणही सबळ आहे. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात जलौका पाळण्याचा विधी दिला आहे : मोठा नवा घट, तळ्याचे पाणी व चिखल, खाण्यास शैवालादी, निजण्यास गवत व पाणवनस्पतींची पाने, दर दोन-तीन दिवसांनी पाणी व अन्न, आणि दर सात दिवसांनी घटच बदलावा. जलौकांच्या बरण्या सांभाळणारा वैद्य हीच शिस्त माशांना लावतो. घटात गाळणी नाही. तेथे साठलेले विष काढण्याचा उपाय एकच, सर्व बदलणे. गाळणी असलेल्या टाकीत विष पचविणारे जिवाणूच आपली संपत्ती असतात. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, अधिक नको. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. नळाखाली धुतल्यास महिन्याची कमाई मिनिटात जाते. वीज तासन्‌तास जाणाऱ्या गावी घटावर चालणारा छोटा हवेचा पंप जवळ ठेवावा. थंडीच्या दिवसांत नाशिक, पुण्याकडे पन्नास वॅटचा हीटर लावावा. तापमान एकाएकी उतरले की पांढऱ्या ठिपक्यांचा परोपजीवी रोग उचल खातो.

नकोसे झालेले मासे दुकानदाराला परत द्यावेत. नदीत, तळ्यात वा विहिरीत सोडू नयेत. दक्षिण अमेरिकेतील सकर भारतातील अनेक नद्या-तळ्यांत असाच पोचला आहे व कोळ्यांची जाळी फाडतो आहे.

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. दवाखान्यात खाद्याची डबी कुलपात ठेवलेली बरी. प्रतीक्षेतील प्रत्येक मुलाला एक चिमूट टाकावीशी वाटते आणि कंपाउंडरला नाही म्हणवत नाही. दिवाळीत दवाखाना चार-पाच दिवस बंद असेल तर प्रौढ मासे उपाशी सहज राहतात. पाणीबदल आदल्या दिवशी करावा, दिवा बंद ठेवावा, पंप चालू असल्याची खात्री करावी, आणि किल्ली शेजाऱ्याला दिली तरी डबी बरोबर घेऊन जावी.