सूर चढला, हात वर!

"तू बेसुरी आहेस, नुसते ओठ हलव," हे लहानपणी आपल्यातल्या कितीजणींनी ऐकलंय? आम्हीही अंगणवाडीतल्या एका मुलीला असंच गप्प केलं होतं. चूक आमची होती. "वरचा सूर लाव" म्हटलं की ती ओरडायची. वरचा म्हणजे मोठा, असं तिला वाटायचं. सुराची उंची डोळ्यांना दिसत नाही, मग लेकरांना ती कळणार कशी?

काचेचे तीन सारखे पेले घ्या. एकात तळाशी पाणी, दुसऱ्यात निम्मं, तिसरा जवळजवळ भरलेला. चमच्याने हलकेच वाजवा. पाणी जास्त असलं की पेला सावकाश थरथरतो, सूर खाली येतो. खालच्या सुराला मुलांनी उकिडवं बसायचं, मधल्याला उभं राहायचं, वरच्याला टाचा उचलून हात वर करायचे. मग एकच पेला हळू आणि जोरात वाजवा. आवाज लहानमोठा होईल, पण हात हलता कामा नयेत.

नंतर अंगणात खडूने रेघ काढा. गाईचं हंबरणं खाली, चिमणीची चिवचिव वर. भाजीवाल्याची हाक चढते-उतरते, तशी रेघ चढू-उतरू द्या. मग रेघेवर बोट फिरवत तीच हाक गा.

मागून हाक मारल्यावर मूल वळतच नसेल, तर मात्र कान तपासून घ्या.

आमची ती मुलगी आता गाते. सूर सुटला तर आम्ही पुन्हा पेला वाजवतो; "गप्प बस" म्हणत नाही.