क्रेनची संकेतभाषा : अर्थनिश्चिती आणि सुरक्षितता

बांधकामाच्या जागी किंवा बंदरात फिरती क्रेन (परिभाषेत ‘यारी’) ओझे उचलते, तेव्हा ते कार्य दोन माणसांच्या परस्परसमजुतीवर चालते. चालक केबिनमध्ये असतो; संकेतक ओझ्याजवळ उभा असतो. चालकाला ओझे दिसेलच असे नाही, आणि संकेतकाच्या हाती यंत्र नसते. या दोघांतील व्यवहार ही एक अल्पाक्षरी भाषाच होय. तिच्यातील संदिग्धता प्राणघातक ठरू शकते. म्हणून तिची घटना भाषाशास्त्रीय दृष्टीने तपासणे उचित ठरेल.

प्रथम यंत्राचा धर्म ध्यानात घेतला पाहिजे. क्रेनचे सामर्थ्य एका आकड्यात सांगता येत नाही. ओझ्याचे वजन आणि क्रेनच्या फिरण्याच्या अक्षापासून त्याचे आडवे अंतर, म्हणजे त्रिज्या, यांवर ते अवलंबून असते. २० मीटर लांबीची भुजा जमिनीशी ६० अंशांचा कोन करीत असेल, तर त्रिज्या सुमारे १० मीटर होते. भुजा ४५ अंशांपर्यंत उतरविली, तर ती सुमारे १४ मीटर होते. ओझे ५ टनांचेच राहते. परंतु त्याचा आघूर्ण ५० टन-मीटरवरून ७० टन-मीटरपर्यंत वाढतो आणि क्रेन उलथण्याचा संभव निर्माण होतो. याउलट भुजा स्थिर ठेवून दोर सोडला, तर ओझे खाली येते, परंतु त्रिज्या बदलत नाही. दोन्ही क्रियांत ओझे खालीच येते. एक निर्धोक असते, दुसरी घातक ठरू शकते.

बोलीतील ‘खाली घ्या’ हा प्रयोग येथे अपुरा पडतो. दोर खाली की भुजा खाली, हे त्यातून कळत नाही. शिवाय मराठी ‘खाली’ म्हणजे अधोदिशेस, तर हिंदी ‘खाली’ म्हणजे रिकामे. संमिश्रभाषी कामगारांत ‘खाली कर’ या आज्ञेचे दोन अर्थ सहज संभवतात. यंत्राच्या गोंगाटात ध्वनिसाम्यही बाधक होते : ‘थांब’ आणि ‘लांब’ यांत केवळ आद्य व्यंजनाचा भेद आहे. मराठीत निषेध क्रियापदानंतर येतो, ही तिसरी अडचण. ‘सोडू नको’ यातील उत्तरपद ऐकू आले नाही, तर उरते ते नेमके विरुद्ध सूचन.

व्यवसायाने या अडचणींवर एक जुना उपाय शोधला होता. जहाजांवरील लस्करी बोलीतील ‘हाबेस’ (वर ओढा) आणि ‘आर्या’ (खाली सोडा) हे शब्द भारतातील अनेक कामांवर रूढ आहेत. दुसऱ्याचे मूळ ‘अरियार’ या पोर्तुगीज क्रियापदात आहे. जड माल हलविणाऱ्या टोळीतील कामगारास आजही ‘खलाशी’ म्हणतात, तेही याच परंपरेमुळे. हे शब्द नित्याच्या बोलीत नसल्यामुळे त्यांना दुसरा अर्थ चिकटत नाही, आणि ध्वनिदृष्ट्या ते परस्परांपासून दूर आहेत.

हस्तसंकेतांत हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे आढळते. अमेरिकन मानकानुसार ओझे वर घेण्यास तर्जनी वर करून हाताने लहान वर्तुळे काढतात. ओझे खाली सोडण्यास तर्जनी खाली करून तसेच करतात. भुजेसाठी मात्र हात आडवा पसरून अंगठा वर किंवा खाली दाखवितात. तर्जनी आणि अंगठा यांतील हा भेद अर्थभेदक आहे; बोलीतील ‘खाली’ची संदिग्धता तो नाहीशी करतो. अंगठा वर ठेवून बोटे उघडमीट केल्यास ‘भुजा वर, ओझे खाली’ असा संयुक्त अर्थ होतो. एका हाताने संकेत देऊन दुसरा त्यापुढे निश्चल धरला, की ‘सावकाश’ हे क्रियाविशेषण जोडले जाते. या भाषेत निषेध नाही. आहे तो फक्त ‘थांबा’.

तरीही संकेत सार्वत्रिक नाहीत. अमेरिकन पद्धतीत तळवा खाली करून आडवा हात पुढेमागे हलविला, की ‘थांबा’. १९९२ च्या युरोपीय निर्देशात उजवा हात वर करून तळवा पुढे दाखविणे म्हणजे ‘थांबा’. तोच हात सावकाश वर्तुळाकार फिरविला, तर ‘वर घ्या’. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध रूढिजन्य असतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन येथे प्रत्यक्षात दिसते. आंतरराष्ट्रीय मानक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले असले, तरी प्रत्येक कामापूर्वी कोणती पद्धत पाळावयाची, हे दोघांनी ठरवून घेणे अपरिहार्य आहे.

अखेरचा प्रश्न अधिकाराचा. ऑस्टिनने दाखविल्याप्रमाणे उक्तीने कृती घडावयाची, तर वक्ता अधिकृत असावा लागतो. म्हणून क्रेनचा चालक एकाच नेमलेल्या संकेतकाची आज्ञा मानतो. संकेतक दिसेनासा झाला किंवा संकेत कळला नाही, तर काम थांबवितो. अपवाद एकच : ‘थांबा’ हा संकेत कोणीही द्यावा आणि तो तत्काळ पाळला जावा. चुकीने दिलेल्या ‘थांबा’ची किंमत काही क्षणांचा विलंब एवढीच असते, चुकीने दिलेल्या ‘खाली’ची किंमत ओझ्याखालचा माणूस मोजतो. या भाषेचे व्याकरण या विषमतेवरच उभारलेले आहे.