मॅझिनीचा अर्धपुतळा

न्यूयॉर्क शहरांत 'सेंट्रल पार्क' नांवाचें विस्तीर्ण सार्वजनिक उद्यान आहे. त्यांतील पश्चिमेच्या रस्त्यानें चालूं लागलें असतां सदुसष्टाव्या गल्लीच्या सुमारास दगडी बैठकीवर बसविलेला एक ब्राँझचा अर्धपुतळा दृष्टीस पडतो. बैठकीवर इटालियन भाषेंत दोन वचनें कोरलीं आहेत. 'विचार आणि कृति' व 'ईश्वर आणि जनता' असा त्यांचा अर्थ होय. हा पुतळा जोसेफ मॅझिनीचा. महाराष्ट्रास हें नांव परकें नाहीं, वि. दा. सावरकर यांचें मॅझिनीवरील मराठी पुस्तक १९०७ सालीं निघालें व सरकारनें त्यावर बंदी घातली. परंतु इटलीच्या देशभक्ताचा पुतळा अमेरिकेंत कां, असें आमचे बालवाचक विचारतील.

मॅझिनीचा जन्म १८०५ सालीं जिनोआ येथें एका डॉक्टराच्या घरीं झाला. तेव्हां सर्व इटली मिळून एक राज्य नव्हतें. देशाचे अनेक तुकडे झाले होते, व उत्तरेकडील कांहीं प्रांत ऑस्ट्रियाच्या ताब्यांत होते. १८३१ सालीं मार्सेल्स येथें त्यानें 'तरुण इटली' ही संस्था काढली. पुढें स्वदेशांत त्याच्या गैरहजेरींत त्यास देहान्ताची शिक्षा झाली, आणि १८३७ पासून तो लंडनमध्यें निर्वासित म्हणून राहूं लागला.

तेथील त्याचें एक कार्य आम्हांस विशेष वाटतें. लंडनच्या रस्त्यांवर कित्येक इटालियन पोरें हातानें फिरविण्याचीं वाद्यें वाजवून पैसे मागत. त्यांस मायदेशाहून आणणारे मालक तो पैसा काढून घेत, व मिळकत कमी झाली कीं मारहाण करीत. अशांसाठीं मॅझिनीनें १८४१ सालीं हॅटन गार्डन येथें मोफत रात्रशाळा उघडली. लेखन, वाचन, गणित शिकवावें, आणि रविवारीं स्वतः मॅझिनीनें इटलीचा इतिहास सांगावा, असा क्रम असे. राज्यें उलथूं पाहणारा पुरुष स्वतः फार तंगींत असतां उपाशी पोरांस धडे देत बसे, ही गोष्ट त्याच्या सर्व कटांहून मोठी, असें आम्हांस वाटतें.

१८४९ सालीं रोम येथें लोकसत्ताक राज्य स्थापन होऊन मॅझिनी त्याच्या तिघां प्रमुखांपैकीं एक झाला; पण थोड्याच महिन्यांत फ्रेंच फौजेनें तें मोडलें. १८६१ सालीं इटलीचें राज्य झालें खरें, तथापि तें राजाचें. मॅझिनीस हवें होतें प्रजेचें. १० मार्च १८७२ रोजीं तो पीसा येथें, परक्या नांवानें राहत असतां, वारला. इटली प्रजासत्ताक झाली ती १९४६ सालीं.

पुतळा मात्र त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांतच उभा राहिला. न्यूयॉर्कमधील इटालियन रहिवाशांनीं तो शहरास अर्पण केला. मूर्तिकार जोव्हानी तुरीनी हा स्वतः गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांत लढलेला. २९ मे १८७८ रोजीं अनावरणाच्या वेळीं भाषणास उभा राहिला तो कवि व संपादक विल्यम कलन ब्रायंट. या शहरास मोठें उद्यान हवें, असें १८४४ सालींच आपल्या पत्रांतून प्रथम प्रतिपादणाऱ्यांपैकीं तो एक होता. त्याच उद्यानांत, त्र्याऐंशी वर्षांच्या वयांत, भर उन्हांत तो बोलला. समारंभ आटोपून एका स्नेह्याच्या घरीं जातांना दारच्या पायरीवर तो कोसळला व डोक्यास जबर मार बसला. १२ जून रोजीं तो निवर्तला. मॅझिनीच्या पुतळ्यापुढील तें त्याचें अखेरचें जाहीर भाषण.