हाल्कीचे शांत बंदर

व्यापारी घरातील सुटी पुष्कळदा नावापुरतीच असते. पेढीला कुलूप लागते, पण भाव, उधारी आणि वाटेतल्या मालाची चिंता सोबत प्रवास करते. दिवसाला चार स्थळे उरकणाऱ्या सहलींत विसावा कुठला? काही दिवस खरोखर थांबू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी ग्रीसमधील हाल्की या लहानशा बेटाचा विचार अवश्य करावा.

एजियन समुद्राच्या आग्नेय भागात, ऱ्होड्स या मोठ्या बेटाच्या पश्चिमेस हाल्की वसले आहे. क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या पाचशेच्या आत. ऱ्होड्सला विमानाने जाऊन, तेथील कामिरोस स्काला या धक्क्यावरून बोटीने सुमारे सव्वा तासात येथे पोहोचता येते. नांदते गाव एकच. बंदराभोवती पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली फिकट रंगांची घरे, घड्याळाचा मनोरा, संत निकोलस यांच्या चर्चचे उंच घंटाघर आणि पाण्यावर डुलणाऱ्या मासेमारांच्या होड्या, एवढाच त्याचा पसारा.

या गावाचे नाव एम्पोरिओ. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ व्यापारपेठ. एके काळी हे नाव सार्थ होते. समुद्रतळाशी वाढणारा स्पंज हा सजीव; तो कापून आणून विकण्याच्या धंद्याने एकोणिसाव्या शतकात या बेटांवर संपत्ती आली. १८६० च्या दशकात पाणबुड्यांचा नवा पोशाख आला, खोल पाण्यात अधिक वेळ राहणे शक्य झाले आणि नफा वाढला. मात्र खोलातून घाईने वर येणाऱ्यांच्या रक्तात वायूचे बुडबुडे होत. कित्येक तरुण दगावले, कित्येक जन्माचे पांगळे झाले. पुढे धंदा ओसरला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हाल्कीची अनेक कुटुंबे अमेरिकेत, फ्लोरिडातील टार्पन स्प्रिंग्ज येथे गेली. तेथून त्यांनी पाठविलेल्या पैशातून बंदरापासून डोंगरावरील जुन्या खोरिओ गावाकडे जाणारा रस्ता झाला. त्याला आजही टार्पन स्प्रिंग्जचेच नाव आहे. आज प्रवासी ज्या घरांत उतरतात, त्यांतील बरीचशी त्या समृद्धीच्या काळातील आहेत. मालमत्ता उभी राहिली, पण ती उपभोगणारी माणसे दूर गेली, हे व्यापारी मनाला विचार करायला लावणारे आहे.

येथे पाहण्यासारखे थोडेच आहे आणि तेच या स्थळाचे सुख आहे. सकाळी चालत पोंडामोसच्या वाळूच्या किनाऱ्यावर जावे. एखाद्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी ओसाड खोरिओ आणि त्यावरचा मध्ययुगीन किल्ला पाहून यावे. दुपारी सारे गाव दारे लोटून विश्रांती घेते. संध्याकाळी वृद्ध मंडळी धक्क्यावर बसतात. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना एकाच वेळी मोकळीक मिळावी, असा हा दिनक्रम आहे.

आहाराविषयी मात्र आधीच दक्षता हवी. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत वर्षातून अनेक दिवस उपवास असतात. त्या आहाराला ‘निस्तीसिमो’ म्हणतात. त्यात मांस, अंडी व दूध वर्ज्य असते. परंतु ऑक्टोपस, माकूळ आणि शिंपल्यांतील जीव चालतात. म्हणून केवळ त्या शब्दावर विसंबू नये. पदार्थात काय आहे ते प्रत्येक वेळी विचारावे. मसूर, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ, उकडलेला रानभाजीपाला, भात भरलेले टोमॅटो हे पदार्थ ग्रीसमध्ये सर्वत्र होतात, पण त्यांत कांदा-लसूण बहुधा असतोच. ‘खोरीस क्रेमीदी, खोरीस स्कोर्दो’, म्हणजे कांद्याविना, लसणाविना, हे शब्द पाठ करून ठेवावेत. पारंपरिक चीजमध्ये प्राण्याच्या जठरातील विरजण असते आणि मिठाईत मध असतो, हेही लक्षात असू द्यावे. सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे आणि डाळ, पीठ, मसाले सोबत नेणे. रात्रिभोजन वर्ज्य असणाऱ्यांची येथे चांगली सोय होते; जूनमध्ये सूर्य सायंकाळी आठनंतर मावळतो.

गाव मासेमारांचे आहे. धक्क्यावर जाळी वाळतात, खानावळींबाहेर ऑक्टोपस टांगलेले दिसतात. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मुलांना ते खटकेल. अशा वेळी मुलांशी शांतपणे बोलावे. आपला नियम दृढ ठेवावा आणि ज्यांच्या गावी पाहुणे म्हणून गेलो, त्यांच्याविषयी कटुताही नसावी.

मे-जून हा काळ येथे जाण्यास उत्तम. ऑगस्टमध्ये गर्दी वाढते आणि आपल्याकडे तेव्हा चातुर्मासही असतो. निघताना पेढीची जबाबदारी विश्वासू हाती सोपवावी आणि दूरध्वनीची एकच वेळ ठरवून घ्यावी. एरवी एम्पोरिओच्या धक्क्यावरही मन आपल्याच पेठेत फिरत राहील.